झोतनौकेचा इतिहास आणि तिची घरगुती डागडुजी



आज ज्या नौकेविषयीं मी बोलणार आहें, तिला शीड नाहीं, वल्हें नाहीं, आणि पाठीमागें पाण्यांत फिरणारा स्क्रूहि नाहीं. तिच्या पोटांत एक पंप बसविलेला असतो. नौकेच्या तळाशीं जाळी लावलेलें एक तोंड असतें. त्यांतून हा पंप पाणी आंत ओढतो आणि मागच्या तोटींतून तें मोठ्या जोरानें बाहेर फेंकतो. झोत मागें जातो आणि नौका पुढें जाते. इंग्रजींत हिला ‘जेट बोट’ म्हणतात. आपण झोतनौका म्हणूं. नांव ऐकून कित्येकांस आग ओकणारें विमान आठवतें. परंतु येथें तसलें कांहीं नाहीं. आपल्याकडे शेतकऱ्याच्या विहिरीवर जो पंप असतो, त्याचाच एक भाऊबंद मोटारीच्या इंजिनास जोडून नौकेंत आडवा निजविला आहे, असें समजलें तरी फारसें बिघडणार नाहीं.

ही नौका जुनी झाली म्हणजे तिची डागडुजी मालकानें घरच्या घरीं कशी करावी, हा आजचा विषय. आतां इतिहासाच्या भाषणांत पाने आणि वंगण कोठून आलें, असें कोणी विचारील. त्याला माझें उत्तर असें कीं, ह्या नौकेचा इतिहास म्हणजे बहुतांशीं दुरुस्त्यांचाच इतिहास आहे. तत्त्व फार जुनें होतें. कित्येकांनीं तें हातीं धरलें आणि सोडून दिलें. अखेर तें चाललें एका मेंढपाळ जमीनदाराच्या घरच्या कारखान्यांत. आणि तेथें तें चाललें याचें कारण इतकेंच कीं, तो मनुष्य बिघडलेली वस्तु खोलून, तिच्यांतील दोष काढून पुन्हां पाण्यांत घालण्यास कधीं कंटाळला नाहीं.

प्रथम जुनी हकीकत थोडक्यांत सांगतों. सन १६६१ मध्यें टूगुड आणि हेज ह्या दोघां इंग्रजांनीं जहाजाच्या तळांतून पाणी जोरानें बाहेर काढून जहाज चालविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. १७८५ मध्यें बेंजामिन फ्रँक्लिननें हीच कल्पना सुचविली, आणि १७८७ च्या डिसेंबरांत जेम्स रम्सीनें पोटोमॅक नदींत शेफर्ड्सटाउन येथें वाफेच्या पंपानें चालणारी नौका लोकांपुढें चालवून दाखविली. सर्वांत मोठा प्रयोग मात्र ब्रिटिश नौदलाचा. त्यानें १८६६ मध्यें ‘वॉटरविच’ नांवाची चिलखती तोफनौका ह्या पद्धतीवर बांधली आणि स्क्रूच्या ‘व्हायपर’ नौकेशीं तिची तुलना केली. वेग जवळपास सारखा भरला. तरी नौदलानें ही पद्धति पुढें चालविली नाहीं.

असें कां व्हावें? मी शाळेंत न्यूटनचा तिसरा नियम शिकवीत असें, तेव्हां मुलें नेमका हाच प्रश्न विचारीत. क्रिया-प्रतिक्रिया समान, मग स्क्रू काय आणि झोत काय, दोन्हीं सारखेंच! नियम खरा आहे. पण त्यांत खर्चाचा हिशेब सांगितलेला नाहीं. थोडें पाणी फार वेगानें फेंकण्यापेक्षां पुष्कळ पाणी बेताच्या वेगानें फेंकणें स्वस्त पडतें. नौका मंद असली आणि झोत मात्र वेगवान असला, तर इंजिनाची बरीचशी शक्ति मागच्या पाण्याला ढवळण्यांतच जाते. वॉटरविचचा वेग नऊ नॉटच्या आसपास, यंत्रें अवजड, पाणी नळ्यांतून वळत वळत जाणार, तेथें घर्षणाचा तोटा वेगळाच. झोताला हलकी आणि वेगवान नौका हवी होती, आणि तशी नौका पळविण्याजोगें हलकें इंजिन त्या काळीं नव्हतें. तें मोटारगाडीनें पुढें आणून दिलें.

आतां आपण न्यूझीलंडला जाऊं. त्या देशाच्या दक्षिण बेटांत बर्फाच्या डोंगरांतून उतरणाऱ्या नद्या आहेत. त्यांचें पात्र रुंद, प्रवाह जोराचा, आणि पाणी मात्र दगडगोट्यांच्या रांगांमधून वेणीच्या पेडांसारखें पसरलेलें. कोठें कमरेइतकें, तर कोठें घोट्याइतकें. अशा पाण्यांत स्क्रूची नौका घातली तर पहिल्या कोसांतच तिचीं पातीं गोट्यांवर आपटून मोडावयाचीं. ह्या प्रदेशांत १८९९ मध्यें चार्ल्स विल्यम फील्डन हॅमिल्टन ह्याचा जन्म झाला. लोक त्याला बिल हॅमिल्टन म्हणत. १९२१ मध्यें त्यानें मॅकेंझी प्रांतांत ‘आयरिशमन क्रीक’ नांवाचें मेंढ्यांचें विस्तीर्ण कुरण घेतलें. यंत्रशास्त्राचें रीतसर शिक्षण त्यानें घेतलें नव्हतें. जें आलें तें हातानें करून आलें. मोटारींच्या शर्यतींचा मोठा नाद. त्यासाठीं इंग्लंडांतील ब्रुकलंड्सच्या मैदानापर्यंत गेला होता. घरीं वीज हवी म्हणून ओढ्याला बांध घालावयाचा, तर माती उपसण्याचें यंत्रहि त्यानें स्वतःच बनविलें. माळरानावर मेंढ्यांच्या सोबतीनें एक कारखाना उभा राहिला, आणि दुसऱ्या महायुद्धांत तेथें लढाईचें सामानहि तयार होऊं लागलें. युद्धानंतर त्याचा मोठा कारखाना क्राइस्टचर्च शहरीं आला.

आपल्या नद्यांत उलट्या प्रवाहानें वर जाणारी नौका करावी, ही त्याची फार दिवसांची इच्छा. १९५३-५४ च्या सुमारास त्यानें ती हातीं घेतली. एका सहकाऱ्यास ‘हॅन्ली हायड्रोजेट’ नांवाच्या अमेरिकन यंत्राची माहिती सांपडली होती. त्यांत पाणी आंत ओढून नौकेच्या तळाखालीं असलेल्या फिरत्या तोटींतून बाहेर सोडलें जाई. हॅमिल्टननें त्या धर्तीवर यंत्र करून पाहिलें. नौका चालली, पण रखडत चालली. तळाखालीं लोंबणारी तोटी पाण्याला अडथळा करी, आणि उथळ पाण्यांत गोट्यांचा मार प्रथम तिलाच बसणार. तेव्हां तोटी वर उचलून नौकेच्या मागच्या फळींतून, पाण्याच्या पातळीच्या किंचित् वर काढावी, अशी सूचना कारखान्यांतील एकानें केली. तसें करतांच वेग वाढला. आतां तळाखालीं कांहींच उरलें नाहीं, आणि भर वेगांत चार-पांच इंच पाण्यावरूनहि नौका सरकून जाऊं लागली.

मला ह्या हकीकतींतील विशेष वाटतो तो हाच. मूळ कल्पना दुसऱ्याची, सूचना कामगाराची, आणि तिघांचौघांच्या सूचना ऐकून रात्रींतून यंत्र खोलणारा मालक. हॅमिल्टन स्वतः शोधाचें श्रेय घेत नसे. तें श्रेय आर्किमिडीजचें, असें तो थट्टेनें म्हणे. पुढें त्याच्या कारखान्यानें पंपाचें रूपहि पालटलें. आरंभीचा पंप पाण्याला काटकोनांत वळवून बाहेर भिरकावणारा होता. नंतरचा पाणी सरळ रेषेंत मागें रेटणारा झाला. नळींतील वळणें कमी झालीं, म्हणजे वॉटरविचला नडलेला एक तोटा गेला.

१९६० मध्यें अमेरिकेंतील कोलोराडो नदीच्या प्रचंड घळींतून, ग्रँड कॅन्यनमधून, प्रवाहाविरुद्ध वर जाण्याचा पराक्रम ह्या नौकांनीं केला. हॅमिल्टनचा पुत्र जॉन हा सुकाणूवर होता. त्यापूर्वीं त्या घळींतून खालीं येणारे पुष्कळ होऊन गेले होते. वर जाणारा कोणी झाला नव्हता.

आपल्या देशाशीं ह्या नौकेचा संबंध आला तो १९७७ मध्यें. एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी ह्यांनीं बंगालच्या उपसागरावरील गंगासागरापासून गंगेच्या मुखांतून हिमालयाकडे जाण्याची मोहीम काढली. तीन झोतनौका होत्या, आणि त्यांचीं नांवें होतीं ‘गंगा’, ‘किवी’ आणि ‘एअर इंडिया’. ह्या शेवटच्या कंपनीचें मुख्य कार्यालय तेव्हां आपल्या मुंबईंत होतें. १९६५ च्या यशस्वी भारतीय एव्हरेस्ट मोहिमेचे नायक मोहनसिंग कोहली हे मोहिमेंत होते, आणि नौका हांकणारांत जॉन हॅमिल्टन व त्याचा पुत्र मायकेल हे दोघे होते. कांठावर लोक लोटले होते. गंगेंतून वर, तिच्या उगमाकडे, हें प्रवासाचें स्वरूपच आपल्या लोकांस तीर्थयात्रेसारखें वाटलें असल्यास नवल नाहीं. नंदप्रयागाजवळ धबधब्यानें वाट अडविली. तेथें नौका थांबल्या आणि मंडळी पायीं पुढें गेलीं. डोंगरांत उंचावर हिलरींची प्रकृति इतकी बिघडली कीं त्यांना हेलिकॉप्टरनें खालीं आणावें लागलें. ह्या मोहिमेनंतर थोड्याच महिन्यांनीं, १९७८ च्या मार्चांत, बिल हॅमिल्टन वारला.

ह्या मोठ्या मोहिमा झाल्या. परंतु झोतनौकेचा खरा संसार चालला तो न्यूझीलंडांतील सामान्य गृहस्थाच्या गाडीखान्यांत. कारखाना नुसता पंप विकत देई. घेणारा मनुष्य नकाशा समोर ठेवून प्लायवूडची नौका घरीं जोडी आणि मोडीत निघालेल्या मोटारीचें इंजिन तिच्यांत बसवी. अमेरिकेंत इंडियानापोलिसच्या ब्यूलर कंपनीनें हॅमिल्टनच्या पंपावर ‘टर्बोक्राफ्ट’ नांवाच्या नौका काढल्या. ह्या सर्व जुन्या नौकांपैकीं कांहीं आजहि पाण्यांत आहेत. त्या टिकल्या आहेत, कारण त्यांचा मालक त्या उघडूं शकतो. अशी जुनी नौका हातीं आली तर काय पाहावें, तें आतां सांगतों.

सर्वांत आधीं पंखा पाहावा. पंपाच्या आंत जो पंखा फिरतो, त्याला कारागीर इंपेलर म्हणतात. त्याच्या कडा आणि भोंवतालचें धातूचें कडें ह्यांत फट फारच थोडी, बहुधा एका मिलिमीटरहूनहि कमी असावी लागते. नदीचें पाणी म्हणजे निवळ पाणी नव्हे. त्यांत वाळू असते, आणि वाळू ही कानस आहे. दरवर्षीं ती पंख्याच्या कडा गोल करते आणि कडें आंतून चाटते. फट वाढली कीं पाणी मागें जाण्याऐवजीं फटींतून परत फिरतें. मालकाला ह्याची खूण अशी पटते कीं, इंजिनाचे फेरे वाढतात, आवाज चढतो, पण नौका पूर्वींसारखी उचलत नाहीं. अशा वेळीं पुष्कळ लोक इंजिनालाच दोष देतात, कार्बोरेटर खोलतात, प्लग बदलतात आणि आठवडा वायां घालवितात. तसें न करतां फटींत फीलर गेजच्या पट्ट्या घालून माप घ्यावें. कडेंच झिजलें असेल तर नवें बसवावें. पंख्याच्या कडेवर धातू चढवून लेथवर तासून घेणें हें काम जाणत्या कारागिराचें आहे. पण पंखा काढणें आणि पुन्हां बसविणें मालकाला जमण्यासारखें आहे. छोटे ओरखडे कानशीनें मऊ करावेत. मात्र एका पात्याचें जितकें काढलें तितकेंच समोरच्याचेंहि काढलें पाहिजे, नाहीं तर तोल जाऊन सगळा दांडा थरथरूं लागतो.

जाळींत गोटा किंवा शेवाळ अडकणें हें तर नित्याचेंच. पुष्कळ पंपांना वरून उघडण्याचें झांकण असतें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. ह्या जुन्या नौकांना बहुधा गिअर नाहीं आणि क्लचहि नाहीं. इंजिन चालूं म्हणजे पंखा चालूं. तेव्हां इंजिन बंद करून, किल्ली खिशांत घातल्याखेरीज त्या झांकणांत बोट घालूं नये. गोटा पात्यांत रुतला असेल तर दांडा हातानें उलटा फिरवून सोडवावा. हातोडा घालूं नये.

दांडा जेथें पंपांत शिरतो तेथें पाणी आंत येऊं नये म्हणून जुन्या यंत्रांत ग्लँड असते आणि तींत वंगण पाजलेली दोरी गुंडाळलेली असते. विहिरीवरच्या पंपाची ग्लँडदोरी ज्यांनीं बदलली आहे त्यांना हें काम नवें नाहीं. नवशिका मनुष्य थेंब गळतांना पाहून घाबरतो आणि पान्यानें नट करकचून आवळतो. थेंब बंद होतो खरा. पण दोरी कोरडी पडून तापते आणि दांड्याला खाचा पाडते. दांडा फिरत असतांना अधूनमधून थेंब पडलाच पाहिजे. तोच त्या जागेचा गारवा आहे. नव्या पद्धतीचें सील असेल तर मात्र थेंबहि नको.

आतां जी गोष्ट सर्वांत कमी दिसते आणि सर्वांत जास्त घात करते, ती सांगतों. जुन्या फायबरग्लासच्या नौकांत इंजिन ज्या लांब ओंडक्यांवर बसविलेलें असतें, ते आंतून लांकडाचे असून वरून फायबरग्लासनें मढविलेले असतात. कोठें तरी एका स्क्रूच्या भोंकांतून पाणी शिरतें, आणि वरचें कवच ठणठणीत दिसत असतांना आंतलें लांकूड कुजून भुसा होतें. मग इंजिनाचे बोल्ट कितीहि आवळले तरी धरीत नाहींत. इंजिन किंचित् खालीं बसतें. इंजिनाचा आणि पंपाचा दांडा एका रेषेंत राहत नाहींत. थरथर सुरू होते. बेअरिंग जातें, मग सील जातें, मग पाणी येतें. मालक सील बदलतो, तें पुन्हां जातें; आणि मूळ दोष आहे एका लांकडाच्या पोटांत! स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनें सगळ्या ओंडक्यांवर ठोकून पाहावें. निरोगी लांकूड खणखणीत बोलतें, कुजलेलें बद्द बोलतें. शंका आली तर बारीक भोंक पाडून आंतला भुसा पाहावा: कोरडा आणि फिकट असला तर बरें, काळा आणि ओला असला तर तो भाग कापून काढल्यावांचून गत्यंतर नाहीं. ओल्या लांकडावर राळेचे थर चढविणें म्हणजे रोग झांकणें होय. नवें लांकूड बसवून झाल्यावर दोन दांड्यांच्या जोडावर चारी बाजूंनीं फीलर गेज लावून रेषा पाहावी, आणि मगच नवें सील बसवावें. हा क्रम कंटाळवाणा आहे, पण ह्यांत आळस केला तर पैसा दोनदां जातो.

समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यांत नौका घालणारांस आणखी एक शत्रु आहे. शाळेंत लिंबांत तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून वीज काढून दाखवितात. तोच प्रकार खाऱ्या पाण्यांत नौकेच्या बुडाशीं आपोआप चालूं असतो. पंपाचें कवच पुष्कळदां अॅल्युमिनियमचें आणि दांडा पोलादाचा. म्हणून कवच झिजूं लागतें. त्याच्या संरक्षणासाठीं जस्ताचे तुकडे मुद्दाम लावतात. ते आधीं झिजतात आणि कवच वांचतें. निम्मे झिजले कीं बदलावेत, आणि त्यांना रंग कधीं लावूं नये. गोड्या पाण्यांत जस्त काम देत नाहीं. तेथें मॅग्नेशियमचे लावतात. शिंपले धरूं नयेत म्हणून तांबें घातलेला रंग लांकडी नौकेला चांगला. पण अॅल्युमिनियमच्या नौकेला तो लावला तर नौकेचें बूड तांब्याच्या तोंडीं दिल्यासारखें होतें. खाऱ्या पाण्यांतून आल्यावर इंजिनाच्या नळ्या गोड्या पाण्यानें धुवाव्यात, हें तर सांगावयास नकोच.

मोटारीचें इंजिन नौकेंत घातलेलें असल्यामुळें लोकांना वाटतें कीं मोटारीचे सुटे भागहि चालतील, आणि ते स्वस्त मिळतात. काटकसर हा सद्गुण आहे, असें मी मुलांना चाळीस वर्षें सांगत आलों. येथें मात्र ती करूं नये. मोटारींत पेट्रोलची वाफ खालून रस्त्यावर निघून जाते. नौकेचें पोट बंद असतें. वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें ती तळाशीं साठून राहते. मोटारीच्या साध्या स्टार्टरमधील एक ठिणगी तिला पुरते. नौकेसाठीं केलेला स्टार्टर ठिणगी बाहेर पडूं देत नाहीं. नौकेचा कार्बोरेटर भरून वाहूं लागला तर पेट्रोल बाहेर न सांडतां इंजिनाच्याच घशांत जातें. आणि त्याच्या तोंडावर ज्वाला अडविणारी जाळी असते. जुनी नौका विकत घेतल्यावर आधींच्या मालकानें ह्यांतील काय काय बदललें आहे, तें प्रथम तपासावें. पेट्रोलच्या रबरी नळ्या वयानें कडक होऊन तडकतात; त्या न पाहतांच नव्या घालाव्यात. सुरू करण्यापूर्वीं झांकण उघडून वास घ्यावा आणि वाफ काढणारा पंखा चार मिनिटें चालवावा. आंत माणसें बसलेलीं असतात, आणि नदीच्या मध्यावर धांवून जावयास जागा नसते.

सुकाणूच्या तारा आणि सांधे तपासतांना ही नौका वळते कशी, हेंहि ध्यानांत घ्यावें. हिला सुकाणूचें पातें नाहीं; तोटीच उजवीडावीकडे वळते. तेव्हां भीति वाटून पेट्रोल एकदम बंद केलें कीं झोत मरतो आणि त्याबरोबर वळण्याची शक्तीहि मरते; नौका सरळ खडकावर जाते. थांबावयाचें तर तोटीवर एक बादलीसारखें झांकण उतरतें आणि झोत पुढच्या बाजूस उलटवितें. त्या बादलीची तार गंजून अडकली असेल, तर नौका पाण्यांत नेऊंच नये. नवीन मालकानें रुंद आणि खोल पाण्यांत हें सर्व चारदोनदां करून पाहावें, म्हणजे हाताला संवय होते.

शेवटीं एक अगदीं क्षुल्लक वस्तु राहिली. नौका पाण्याबाहेर काढून ठेवली कीं आंत सांठलेलें पावसाचें पाणी निघून जावें म्हणून मागच्या बाजूस तळाला एक बूच असतें, तें काढून ठेवतात. हंगाम आला, इंजिन दुरुस्त झालें, रंग दिला, मुलेंबाळें हौसेनें बसलीं, आणि नौका पाण्यांत लोटल्यावर पायाखालीं ओलें लागूं लागलें, असे प्रसंग न्यूझीलंडांत काय आणि अमेरिकेंत काय, दरवर्षीं घडतात. म्हणून अनुभवी लोक तें बूच काढलें कीं इंजिनाच्या किल्लीलाच दोरीनें बांधून ठेवतात.